डॉक्टर येईपर्यंत
(तान्ह्या व लहान मुलांचे घरगुती प्रथमोपचार)

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत काही उपयोगाचे लिहावे अशी सूचना चालकांकडून आली, तेव्हा विषय शोधत बसण्याची आम्हांस गरज पडली नाही. न्यास हा कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबातील सर्वांत दुबळा जीव म्हणजे तान्हे मूल. त्याला काय होते हे सांगता येत नाही, स्वतःस सावरता येत नाही, आणि मोठ्या माणसाच्या मानाने त्याचा बिघाड फार लवकर हाताबाहेर जातो. आम्ही डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहोत. परंतु मुले हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे त्यांना लागणे, भाजणे, गुदमरणे यांविषयी जे जाणून घेणे आमचे कर्तव्य होते, ते आजच्या वैद्यकशास्त्रास धरून येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

चोपडे गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर. पलीकडे शिवोली. पूल होण्यापूर्वी पलीकडे जायचे म्हणजे होडीची किंवा फेरीबोटीची वाट पाहावी लागे, आणि आजारी मूल मांडीवर घेऊन धक्क्यावर बसणे म्हणजे काय हे जुन्या पिढीतील आयांना विचारावे. आता पूल आहे, रस्ता आहे. शिवोलीस प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, म्हापशाजवळ पेडें येथे जिल्हा इस्पितळ आहे आणि मोठ्या प्रसंगी बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आहे. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. ही सर्व सोय मोलाचीच होय. तरीही एक गोष्ट पुलाने बदललेली नाही. श्वास अडकलेल्या मुलाला चार-पाच मिनिटांपलीकडे वाट पाहता येत नाही, आणि म्हापसा दहाएक किलोमीटरवर आहे. मधला हा काळ कोणत्याही डॉक्टरचा नसून घराचा आहे. तो घराने कसा वापरावा, एवढाच या लेखाचा विषय.

घराचे हात काय करू शकतात?

‘आम्ही अडाणी माणसे, आमच्या हातून काय होणार?’ असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच भाषेच्या मुलखातून, गडचिरोलीहून, आलेले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ खेड्यांत गावच्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळ ऊबदार ठेवणे, श्वास मोजणे, दूध पाजण्यास मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार सुरू करणे, अशी ही कामे होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या गावांत ही व्यवस्था नव्हती त्यांच्या मानाने या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी शेकडा ६० हून अधिक कमी झाले होते.

दुसरे उदाहरण १९७१ सालचे. बांगला देशच्या युद्धामुळे बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांची मिश्रणे करून पाकिटे भरली, आणि पाण्यात कालवून ती पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांकडे सोपविले. शेकडा ३० च्या घरातील मृत्यू शेकडा ४ च्याही खाली आले. तेव्हा शिकलेला साधा हात औषधाइतकाच गुणकारी असतो, हे नुसते बोलणे नसून अनुभवाने सिद्ध झालेले सत्य आहे.

मात्र ‘शिकलेला’ हा शब्द येथे महत्त्वाचा. न शिकलेला हात मायेपोटी जे करतो, त्यानेच पुष्कळदा अपाय होतो. म्हणून प्रत्येक प्रसंगी काय करावे याबरोबरच काय करू नये हेही आम्ही सांगणार आहोत. हात आवरणे हाही एक उपचारच आहे.

१. भाजणे

ईदला खीर-खुर्म्याचे पातेले, चवथीला नेवऱ्यांची कढई आणि नाताळात दोदोलाची मोठी भांडी. सण कोणाचाही असो, मूल भाजण्याचा धोका सर्वांच्या स्वयंपाकघरांत सारखाच. एरवी बहुतेक प्रसंग चहाच्या कपाचे आणि आंघोळीच्या कढत पाण्याचे असतात.

भाजल्याबरोबर तो भाग नळाच्या किंवा तांब्याने ओतलेल्या साध्या गार पाण्याखाली धरावा, आणि तो घड्याळ लावून २० मिनिटे धरावा. दोन मिनिटांत मूल रडायचे थांबले म्हणून पाणी थांबवू नये. कातडीखालची आग अजून चालूच असते. तान्ह्या बाळाचा भाजलेला भाग तेवढा गार करावा, बाकीचे अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ऊबदार ठेवावे. बांगड्या, वाळे, ताईताचा दोरा सूज येण्यापूर्वी काढावा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. नंतर स्वच्छ, धुतलेल्या सुती कपड्याने सैल झाकून डॉक्टरकडे न्यावे.

बर्फ, शाई, टूथपेस्ट, लोणी, हळद, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत.

आपल्याकडे काजूच्या मोसमात आणखी एक प्रकार होतो. ओल्या बियांच्या टरफलातील तेल कातडी जाळते. मुले बी दाताने फोडतात आणि ओठ, हनुवटी सुजते. बिया भाजताना ते तेल उडते. लगेच साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पापणी उघडून १५-२० मिनिटे पाण्याची धार सोडावी व इस्पितळ गाठावे.

२. घशात अडकणे

शेंगदाणा, चणा, चिंचोका, उकडलेली आठळी, खेळण्यातील मणी, नाणे. चार वर्षांखालील मुलाच्या घशाला यांपैकी कोणतीही वस्तू पुरेशी होते. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. पाठीवर थापट्या मारू नयेत, पाणी पाजू नये. खोकल्याइतके प्रभावी साधन आपल्यापाशी नाही.

पण आवाज बंद झाला, चेहरा निळसर पडू लागला, तर क्षणही न दवडता पुढीलप्रमाणे करावे.

एक वर्षाखालील बाळ : आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली व जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने ५ ठोके द्यावेत. वस्तू न निघाल्यास उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, तळहाताच्या त्याच भागाने ५ वेळा दाबावे. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करीत राहावे. एवढ्या लहान बाळाचे पोट कधीही दाबू नये. आतील यकृतास इजा होते.

एक वर्षावरील मूल : पुढे वाकवून पाठीवर ५ ठोके. मग मागे गुडघे टेकून बसावे, बेंबीच्या वर आपली मूठ ठेवून दुसऱ्या हाताने ती धरावी, आणि आत व वर असे ५ झटके द्यावेत.

तोंडात अंदाजाने बोट घालून वस्तू चाचपू नये. ती अधिक खोल जाते. नजरेस पडत असेल तरच काढावी. मूल बेशुद्ध झाले तर पुढील प्रकरणात दिल्याप्रमाणे श्वास व छातीवरील दाब सुरू करावेत.

घड्याळातील किंवा खेळण्यातील चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली आहे अशी नुसती शंका आली, तरी तडक इस्पितळात जावे. मूल हसत-खेळत असले तरी ती अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांच्या आत आतून जाळू लागते.

३. बुडणे

आमच्या परिसरात नदी आहे, आगरवाड्याची मिठागरे आहेत, खाजन शेतीच्या मानशी आहेत, आणि प्रत्येक वाड्यावर विहिरी आहेत. पाणी मुलांना बोलावते. परंतु रांगत्या मुलाला बुडण्यास नदी लागत नाही, न्हाणीघरातील अर्धी बादली पुरते. अशा वयाचे मूल बुडताना ओरडत नाही. म्हणून वापर झाल्यावर बादली पालथी घालावी आणि विहिरीस कठडा व झाकण असावे.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल, तर जुन्या समजुतीप्रमाणे त्यास उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे यांत अमूल्य मिनिटे जातात. तसे करू नये. कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून हनुवटी किंचित वर करावी; बाळाचे डोके सरळच ठेवावे, फार मागे वळवू नये. बाळ असल्यास त्याचे नाक व तोंड मिळून आपल्या तोंडात घ्यावे. मोठ्या मुलाचे नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवावे. छाती वर आलेली दिसेल इतपत हळू ५ वेळा फुंकावे. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यभागी दाब द्यावेत : बाळास दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, मोठ्या मुलास एका तळहाताने. छाती एक-तृतीयांश खोल दबली पाहिजे, आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असा असावा. ३० दाब, २ श्वास. पुन्हा ३० दाब, २ श्वास. मदत येईपर्यंत थांबू नये. दुसरे कोणी जवळ असेल तर त्याने त्याच क्षणी १०८ ला फोन करावा; एकटेच असाल तर फोन मोठ्या आवाजावर ठेवून शेजारी ठेवावा.

शुद्धीवर आलेले मूलही इस्पितळात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसांतील त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

४. ताप आणि आकडी

सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना ताप चढताना आकडी येते. दृश्य भयंकर असते, परंतु बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मुलास जमिनीवर एका कुशीवर वळवावे म्हणजे लाळ व उलटी बाहेर पडेल. गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा अथवा चामडे हुंगवू नये. हातपाय आवळून धरू नयेत. आकडी पाच मिनिटांवर लांबली, पुन्हा आली, किंवा पहिल्याच वेळची असली, तर लगेच इस्पितळ.

ताप उतरविण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. तीन महिन्यांखालील बाळास ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप असला, किंवा उलट अंग गार पडले, बाळ दूध ओढेना, श्वास मिनिटाला ६० हून अधिक झाला, तर घरचा कोणताही उपाय न करता तेवढ्या रात्रीही डॉक्टरकडे जावे.

५. जुलाब

मूल जुलाबाने मरत नाही, अंगातील पाणी व क्षार गेल्याने मरते. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे करावे. पाकीट अर्धे करू नये. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. यापेक्षा मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, म्हणून मूठ-चिमूट असा अंदाज नको. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप, मोठ्यास अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

अंगावरचे दूध कदापि बंद करू नये. वरचे खाणाऱ्या मुलास आपली तांदळाची पेज मीठ घालून उत्तम. आरोग्य केंद्रातून जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या कराव्यात. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी न होणे, ग्लानी, शौचात रक्त, ही इस्पितळाची लक्षणे होत.

६. विषारी पदार्थ

रॉकेल, रंग पातळ करण्याचे द्रव्य, फिनेल, शेतीची औषधे ही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे हाच मोठा अपराध आहे. मुलाने असे काही प्याल्यास उलटी करवू नये, मीठ-पाणी पाजू नये. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसांत शिरते आणि तेथेच त्याचा खरा घात होतो. तोंड पुसावे, भिजलेले कपडे काढावेत, आणि मूळ बाटली बरोबर घेऊन इस्पितळात जावे. आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. त्यांचे पाकीट बरोबर न्यावे.

७. साप व विंचू

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आढळतात. दंशाच्या जागी कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये, आणि सापाच्या मागे धावण्यात वेळ दवडू नये. मुलास चालू न देता, तो अवयव फळीने स्थिर करून, सर्पविषावरील लस असलेल्या इस्पितळात न्यावे. त्या लशीवाचून दुसरा उपाय नाही.

विंचवाच्या बाबतीत कोकणचे ऋण सांगितलेच पाहिजे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ सालापासून काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखविले, आणि शेकडा ४० च्या घरात असलेले मृत्यू शेकडा १ च्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण एवढेच लक्षात ठेवावे : दंशानंतर मुलाला खूप घाम येऊ लागला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर वेदना कमी झाल्या तरी धोका वाढला आहे असे समजावे. मंत्र व पाला यांत अर्धा तास घालवू नये. औषध लवकर मिळाले तरच ते काम करते.

८. जखम व पडणे

विळीवर, म्हणजे आमच्याकडील आडोळीवर, हात कापला तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटे सतत दाबून धरावे. रक्त थांबले का हे मधूनमधून उघडून पाहू नये. कॉफीची पूड, चुना, राख घालू नये. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे याची खात्री करावी. घोळणा फुटल्यास डोके मागे न टाकता पुढे वाकवावे, आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. डोक्यावर पडल्यानंतर मूल बेशुद्ध झाले, वारंवार ओकले, सुस्तावले, किंवा कानानाकातून पाण्यासारखा स्राव आला, तर इस्पितळ.

मायेच्या काही सवयी

न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेल सोडण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. ते तेल फुप्फुसांत उतरून विकार होतो. नवजात बाळाच्या ओठांस मध लावण्याची चाल हिंदू बांधवांत आहे, आम्हा मुसलमानांतही काही घरांत आहे. परंतु एक वर्षाखालील बाळास मधातील विशिष्ट जंतूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो. हे सांगताना वडील माणसांचा अवमान करण्याचा आमचा हेतू नाही. बाळंतिणीस ऊब, बाळास अंगावरचे दूध, आजाऱ्यास पेज, हे शहाणपण आजीचेच, आणि आजचे शास्त्र त्यास मान डोलावते. आजीने जे केले ते तिच्या काळी हाताशी असलेल्या ज्ञानाने केले. आज अधिक ज्ञान हाताशी असता तेच करीत राहणे, हे मात्र तिलाही आवडले नसते.

शेवटची विनंती

वर लिहिलेले वाचून विसरणे सोपे आहे. आमच्या व्यवसायाचा अनुभव असा की, पाढे वाचून येत नाहीत, म्हणून येतात. प्रथमोपचाराचेही तसेच. म्हणून न्यासाच्या चालकांस आमची विनंती आहे की, वर्षातून एकदा आरोग्य केंद्रातील डॉक्टर अथवा परिचारिका बोलावून बाहुलीवर पाठीचे ठोके व छातीचे दाब प्रत्येक कुटुंबातील निदान दोघांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावेत. त्यात आजी असावी, कारण दुपारी मूल तिच्यापाशी असते. आणि दहा-बारा वर्षांचे भावंड असावे, कारण फोन करून घराचा पत्ता नीट सांगणे त्याला जमते.

प्रत्येक घरी एका डब्यात ओआरएसची चार पाकिटे, स्वच्छ धुतलेले सुती कापड, पट्टी, कात्री, थर्मामीटर व मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घेतलेले पॅरासिटामॉलचे माप असावे. स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत १०८, जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक, वाहन असलेल्या शेजाऱ्याचा क्रमांक आणि वाड्यावर येण्याची खूण लिहून चिकटवावी. यास फारसा खर्च नाही, एक संध्याकाळ लागते. ही स्मरणिका कपाटात ठेवण्यापूर्वी वाचकांनी ती एक संध्याकाळ आपल्या घरातील मुलांसाठी काढावी.